कोंडाईसाठी दारोदार

बोरझरी हे नदीकाठचे चाळीस-पन्नास उंबऱ्यांचे गाव. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या मधोमध त्यांचे प्रार्थनेचे कौलारू देऊळ, आणि देवळामागच्या एका खोलीत शांतवनबुवांचा मुक्काम असे. एक वीणा, एक घोंगडी आणि प्रभूचे नाव, एवढाच त्यांचा संसार. बुवा गावोगाव कीर्तने करीत, पण परत यायचे ते बोरझरीलाच. कुणी विचारले तर म्हणत, "मी देवाचं नाव तोंडानं घेतो. इथं एक बाई ते हातांनी घेते. तिच्या सावलीत राहावं म्हणून येतो."

ती बाई म्हणजे कोंडाबाई. सगळा गाव तिला कोंडाई म्हणे. नवरा ऐन तारुण्यात गेला, पदरात एक मुलगी. तेव्हापासून चाळीस वर्षे देऊळ तिने झाडले, सारवले, तिथले पाणी भरले. कुणाचे बाळंतपण अडले की बोलवा कोंडाईला. कुणाच्या घरी माणूस गेले की न्हाऊ घालायला कोंडाई. वरची आळी असो की खालची, तिने जात विचारली नाही. 'आंघोळीवाचून कुणाला मातीत देऊ नये,' एवढेच तिचे शास्त्र.

लेक एस्तेर शहरात शिकून गावच्या शाळेत मास्तरीण झाली होती. बुद्धीने तल्लख, जिभेने त्याहून. भाविकहो, पुढची कथा कळायला श्रावणातल्या एका बुधवारी जावे लागेल. त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

दुपारी बुवा नदीपलीकडच्या पानवडीला कीर्तनासाठी निघायच्या तयारीत पायरीशी उभे होते. कोंडाई देवळात गुडघ्यांवर बसून सारवीत होती. पायरीवर चार बाया शेण कालवीत होत्या. शाळा सुटल्यावर एस्तेर तरातरा आली.

"आई, भाकरी करून ठेवलीय. वाळून चालली."

"आले गं, एवढा कोपरा राहिला."

"सकाळपासून हाच कोपरा राहिलाय! सारवून कुणी स्वर्गात जात असेल ना, तर आधी शेणाची पाटी जाईल."

बाया खो खो हसल्या. म्हातारी तान्हाबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, पाटीत जागा आसंल तर मला बी बसवा तिच्यात!" सगळ्यांत जास्त हसली ती कोंडाईच.

एस्तेर मात्र हसली नाही. ती बुवांकडे वळली. "बुवा, तुमच्या देवाला माझी आई बरी सापडली. चाळीस वर्षं वेठीला धरलंय. एकदा विचारा त्याला, तिच्यासाठी तो कधी चार पावलं तरी चाललाय का?"

 बुवांनी वीणा खांद्याला लावली आणि ते म्हणाले, "विचारतो हो, पोरी." मग ते नदीकडे चालू लागले.

दिवेलागणीला बातमी आली. गावाबाहेर पालात उतरलेल्या वडाऱ्यांची एक बाई पटकीने गेली होती. कोंडाईने पदर खोचला. एस्तेर दारात आडवी उभी राहिली.

"पटकी आहे, आई! दोन दिवस घरात राहा."

"दोन दिवसांनी तिला कोण आंघोळ घालणार गं?" कोंडाईने लेकीचा हात अलगद बाजूला केला आणि ती गेली.

गुरुवारी संध्याकाळी तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. त्याच सुमारास नदीला पूर आला आणि नावा बंद झाल्या. एस्तेर पाणी पाजीत होती, ते पोटात ठरत नव्हते. हातपाय गार पडत गेले. शुक्रवारी सकाळी कोंडाई गेली.

रडायलाही सवड नव्हती. पाटलांची दवंडी आदल्या दिवशीच फिरली होती: पटकीने गेलेल्या माणसाला कुणी शिवायचे नाही, दिवस मावळताना गाडी येईल, शव गावाबाहेर चुन्याच्या खड्ड्यात टाकले जाईल. ना आंघोळ, ना प्रार्थना. जिने सगळ्या गावाला न्हाऊ घातले, ती तशीच खड्ड्यात जाणार होती!

आईच्या आंघोळीसाठी माणसे बोलवायला एस्तेर निघाली. पहिले दार तान्हाबाईचे. आत खोकला ऐकू आला, पण कडी निघाली नाही. दुसऱ्या दारी कुणीतरी आतूनच म्हणाले, "पोरंबाळं हायती, मास्तरीणबाई. माफी करा." वरच्या आळीत रखमाबाईची खिडकी उघडी होती, ती तिच्या डोळ्यांदेखत लागली. अशी नऊ दारे झाली. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली ती मास्तरीण उन्हात उभी राहून दारे वाजवीत होती, आणि गाव श्वास रोखून आत बसला होता.

ती घरी परतली. चुलीवर हंडा चढवला. आईला एकटीनेच उचलून पाटावर घ्यावे म्हणून खांद्याखाली हात घातला, तर ते अंग हलेना. आणि हलले असते तरी पुढे काय करायचे? आधी डोके की पाय? कुणी धरायचे, कुणी ओतायचे? आईने शंभरांना न्हाऊ घातले, लेकीने एकदाही पाहिले नव्हते. उंबऱ्यावरची उन्हाची तिरीप चुलीपर्यंत आली, मग भिंतीवर चढू लागली. हंड्यातले पाणी आटले, तिने पुन्हा भरले. रस्त्यावर चाकांचा आवाज झाला की ती दाराशी धावे. गाडी पुढे निघून जाई. पुन्हा कान रस्त्याकडे.

तिरीप आढ्याला टेकत आली तेव्हा दारात पाऊल वाजले. एस्तेरने हंड्याची कड घट्ट धरली. आली गाडी!

ती तान्हाबाई होती. हातात शिकेकाईची वाटी, काखेत धुतलेले लुगडे.

"सरक," ती म्हणाली. "पाट कुठं हाय?"

तिच्या मागून आणखी दोघी आल्या. मग वरच्या आळीची रखमाबाई. मग वडाऱ्यांच्या पालावरच्या तिघी. अंगणात पुरुष बांबू घेऊन उभे राहू लागले.

"तुम्ही... सकाळी दार..." एस्तेर पुटपुटली.

"बुवा आलते ना घरी," तान्हाबाई म्हणाली.

"बुवा पानवडीला आहेत. नदीला पूर आहे!"

"मग म्या काय आंधळी हाय? दारात हुबं हुतं, चिंब भिजलेलं." एरवी सदा थट्टा करणाऱ्या म्हातारीने वाटी खाली ठेवली. "म्हनले, तान्हे, तुझा दादला तीन वरीस हातरुणात हुता, तवा रोज पहाटं तुझ्या दाराशी भरली घागर कोन ठेवायचं? बाई गं, ठेवायची कोंडाई, आन् मला वाटायचं जाऊ ठेवती. म्या जावंचं पाय धरत आले एवढी वर्सं!"

रखमाबाई भिंतीला टेकून उभी होती. ती हळू म्हणाली, "माझी पहिली मुलगी पोटातच गेली होती. घरचे म्हणाले, पुरून टाका, तिला कशाला हवंय काही. कोंडाईनं तिला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, झबलं घातलं, आणि मला म्हणाली, 'नाव ठेव हिचं.' मी तिच्या कानात सांगितलं. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही, माझ्या मालकांनाही नाही." तिने डोळे पुसले. "आज बुवांनी दारात उभं राहून ते नाव घेतलं."

 चौघींनी मिळून कोंडाईला पाटावर घेतले. तान्हाबाईने एस्तेरच्या हातात तांब्या दिला. "आधी पाय. हळू वत. ती अशीच वतायची." एस्तेर ओतू लागली. एकेक बाई बोलत होती, आणि तांब्यामागून तांब्या लेकीला आपल्या आईचे आयुष्य कळत होते.

दिवस मावळताना गाडी आलीच. गाडीवानाने अंगणातली माणसे पाहिली आणि डोक्यावरचे मुंडासे उतरवले. "मला बी वाटंत बुवा भेटलं," एवढेच म्हणून त्याने बैल वळवले.

कोंडाईला नवे लुगडे नेसवून झाले तोच वाटेवर वीणेची तार वाजली. पूर ओसरताच पहिल्या नावेने बुवा आले होते. त्यांचे कपडे कोरडे ठणठणीत होते. अंगणातली गर्दी पाहून ते थबकले. "कोण गेलं?" त्यांनी विचारले. कोंडाईचे नाव ऐकताच चौकट धरून ते खालीच बसले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. तान्हाबाईने त्यांना सारे सांगितले, घागरीचे, नावाचे. बुवा मान हलवीत राहिले.

"बायांनो, मी सकाळपासून पलीकडच्या काठावर पाण्याकडे बघत बसलो होतो. घागरीचं मला कसं ठाऊक असणार? त्या लेकराचं नाव मला कोण सांगणार?" त्यांनी देवळाकडे वळून हात जोडले. "जिनं त्याचा उंबरा चाळीस वर्षं झाडला, तिच्यासाठी तो आज दारोदार हिंडला. माझं रूप घेऊन, भिजत! केवढी ही माझ्या प्रभूची माया!"

एस्तेर पुढे आली आणि बुवांच्या पायांवर वाकली. "बुवा, मी बोलले ते... तो चालला. साऱ्या गावाच्या दारी गेला. पण माझ्याशी कुणीच बोललं नाही. मला त्यानं काहीच का सांगितलं नाही?"

बुवांनी पाय मागे घेतले. "इथं नको वाकूस, पोरी." त्यांनी आत बोट दाखवले. "या लोकांना जे माहीत नव्हतं, ते त्यांना सांगावं लागलं. तुला ऐकायचं नाही, बोलायचं आहे; तुझ्याच मनात काहीतरी अडलंय. टोमणे ऐकले मी, त्यांच्याखालचं कधी ऐकलं नाही. बोल. ती अजून घरात आहे."

सगळा गाव दारात उभा होता. एस्तेर आत गेली, खाली बसली, आणि आईच्या ओल्या पायांवर तिने कपाळ टेकले.  मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"आई, मला शेणाची लाज नव्हती गं. तू ज्याच्या-त्याच्या घरी असायचीस, आणि मी रोज दारात तुझी वाट बघत. मला तू हवी होतीस."