किल्ली देव्हाऱ्यात, राजे वेशीबाहेर

हैबतराव महाराजांनी प्रवासाच्या दाखल्यांची पेटी स्वतः बंद केली, कुलूप घातलं आणि किल्ली देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. हौसाच्या ते तिथेच लक्षात आलं. पेटी प्रवासाला निघाली होती आणि किल्ली घरीच राहणार होती.

हौसा म्हणजे पालखीच्या सटवा भोयाची मुलगी. वाटेत पाणी द्यायला आणि ही पेटी वाहायला तिला सोबत घेतलं होतं. पाचोळ्यात सरडा सरकला तरी ती दचकायची. पण दचकून झालं की नीट बघायचीही. तिनं भीतभीत विचारलं, सरकार, किल्ली सोबत नको का? महाराजांनी तिच्याकडे बघितलंही नाही. कारभारी अंताजीपंतांना ते म्हणाले, "हिला सांगा, सोबत घेतलेली किल्ली हरवते. प्रवासात कागद कसे सांभाळावेत, हे आता आम्ही पाणी वाहणाऱ्या पोरींकडून शिकायचं का?" पंत हसले. महाराज बोलले की हसायचं, यातच त्यांची निम्मी चाकरी व्हायची.

कागद सांभाळण्याचं महाराजांना भारी वेड. दाखला रेशमी थैलीत, थैली मखमली बटव्यात, बटवा लोखंडी पेटीत. राजधानीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकानं दाखला घ्यायचा आणि परतताना वेशीवर दाखवायचा, असा त्यांचा हुकूम होता. दाखला नसेल त्याला आत घ्यायचं नाही, 'खुद्द आम्ही असलो तरी', हे शब्द त्यांनी मोठ्या थाटात घातले होते. कुलूप फोडून काढलेला कागद चोरीचा समजावा, हेही त्यांचंच. देव्हाऱ्यातल्या किल्लीला आमच्याखेरीज कोणी शिवू नये, हेही त्यांचंच. एवढी अक्कल एकाच डोक्यात मावली कशी, याचं राजधानीला नवल वाटे.

महाराज बहिणीच्या सासरी गेले, भाच्याचं बारसं जेवले. तिथे कागद कोण विचारतो? वाजतगाजत आत घेतलं, वाजतगाजत निरोप दिला. परत येईपर्यंत पेटीची कोणाला आठवणही झाली नाही.

मग आपली वेस आली. बंद. जोत्याजी हवालदारानं दिंडीदरवाजाच्या झरोक्यातून मुजरा केला आणि दाखले मागितले. भोयांनी मुंडाशातून आपापला कागद काढला, हौसानं कनवटीतून. घामानं मऊ पडलेले, चुरगळलेले, पण होते. महाराजांनी तुच्छतेनं नाक मुरडलं आणि पेटी पुढे मागवली. हात कमरेला गेला. मग शेल्याला. मग त्यांनी पंतांकडे बघितलं, जणू किल्ली पंतांनीच गिळली होती. पंतांचा दाखलाही त्याच पेटीत होता.

"किल्ली देव्हाऱ्यात आहे, सरकार," हौसा म्हणाली.

जोत्याजीनं ते ऐकलं, पुन्हा मुजरा केला आणि झरोका लावून घेतला. आधीच्या हवालदारानं ओळखीचा माणूस बघून दार उघडलं होतं, म्हणून त्याची चाकरी गेली होती. पंतांनी हुकूम बदलायचं सुचवलं. पण त्याला मुद्रा लागते आणि मुद्रा महालात. शिवाय स्वतःचाच हुकूम मोडला तर लोक हसतील, असं महाराज म्हणाले. लोक तोवर तटावर जमून हसतच होते.

बरं, पालखी खाली ठेवू देतील तर तेही नाही. राजा आपल्याच दारात धुळीत बसत नसतो. पालखी खांद्यावर आहे तोवर आम्ही थांबलेलो नाही, येत आहोत, असं त्यांचं म्हणणं. इकडे सटवाचा घोटा सुजून टम्म झाला होता आणि दांडा खांद्यात रुतला होता. हौसानं हात जोडले, बाबाला जरा टेकू द्या म्हणाली.

"पेटी तुझ्या डोक्यावर होती," महाराज म्हणाले. "मग हे तूच निस्तर. कुलूप न फोडता, किल्ली न आणवता, हुकमातलं अक्षर न मोडता आम्हाला आत ने. तोवर तुझा बाप असाच उभा राहील."

बापाचा गुडघा थरथरताना तिला दिसत होता. तिनं पंतांना विचारलं, बिनदाखल्याचा माणूस वेशीवर सापडला तर त्याचं काय करायचं, ते हुकमात आहे का?

पंतांना हुकूम पाठ होता. महाराज जेवतानाही मध्येच विचारत, पाठ न करून सांगतो कोणाला? "तात्काळ पकडून कोठडीत डांबावा, दर्जा पाहू नये," ते घडाघडा म्हणाले.

"आणि कोठडी कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? आत. महालाच्या..." पंतांची जीभ तिथेच अडखळली.

हौसा पालखीकडे वळली. "सरकार, दाखल्याशिवाय तुम्हाला आत येता येत नाही. पण पकडून आत नेता येतं. त्यात हुकूम मोडत नाही, उलट पाळला जातो. आणि कैद्याचा निवाडा कोण करतं?"

"आम्ही."

"मग आत गेल्यावर स्वतःला सोडा, नाहीतर डांबून ठेवा. त्यात मी काय सांगणार?"

महाराजांची आधी मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग ते असे हसत सुटले की पालखी डोलायला लागली.

"हसायचं तर उतरून हसा, सरकार," हौसा कळवळली. "तुमचं हसू माझ्या बाबाच्या खांद्यावर पडतंय. आणि कैदी पालखीतून जात नसतो."

त्यावर महाराज आणखीच हसले आणि डोळे पुसत धुळीत उतरले. काय हवं ते माग, म्हणाले. हौसानं रिकाम्या पालखीकडे बोट दाखवलं. महाराजांनी सटवाला दंडाला धरून गादीवर बसवलं, दांड्यापासून कायमची सुट्टी दिली, वर नदीकाठचं शेत दिलं. दांड्याखाली त्याची जागा भरायला पंतांना उभं केलं. कैद्याकडून काम करून घेता येतं, हेही हुकमात होतं. पंत या वेळी हसले नाहीत.

हौसानं दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. आत चिडीचूप. राजाला पुन्हा नाही म्हणावं लागू नये म्हणून जोत्याजी कानांवर हात ठेवून बसला होता. शेवटी तिनं छाती भरून श्वास घेतला.

"जोत्याजीकाका, बिनदाखल्याची दोन माणसं सापडलीत. पकडायला या."

आत काहीतरी धडपडलं. अडसर सरकला.

"आलो, आलो," जोत्याजी आतून ओरडला. "तोवर पळून जाऊ देऊ नकोस त्यांना."