राजाचा टकला घट

दसरा उद्यावर आला आणि राजवाड्यातला घट टकलाच! पत्रावळीवरच्या मातीतून एक हिरवं टोक वर आलं असेल तर शपथ!

"घटाला पाणी कोण घालत होतं?" मानाजीराजे कडाडले.

"मीच, महाराज!" वाड्यावरची कामकरीण भिवरा म्हणाली आणि घाबरून न विचारलेले गुन्हेही कबूल करून बसली. "कमी पडलं असेल. नाहीतर जास्त! एकदा घटासमोर शिंकलेसुद्धा!"

भिवरा होतीच तशी. घरचं तान्हं रडलं की तिला वाटे, याचं पोट दुखतंय. गप्प राहिलं की वाटे, जास्तच दुखतंय!

राजांच्या शेजारी गुमानशेठ उभे होते. राज्यात काय पेरायचं ते शेठ ठरवत, पीक काय भावाने उचलायचं तेही शेठच, आणि लोकांनी काय खायचं तेही. राजांच्या कानाशी लागून त्यांनी हुकूमच काढवून घेतला होता. बी घ्यायचं ते शेठच्या दुकानातून. घरचं राखलेलं बी किंवा त्याचं रोप ज्याच्याजवळ सापडेल तो चोर, त्याला सीमेपलीकडे हाकला! घटाचं धान्यही यंदा शेठनी मोठ्या भक्तिभावाने आपल्या कोठारातून धाडलं होतं.

"माझं धान्य चोख आहे, महाराज," शेठ म्हणाले. "या बाईच्या हातालाच गुण नाही."

भिवराने मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं!

"फेट्यात घटाचा तुरा खोवल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणी सीमोल्लंघनाला निघालेलं नाही," राजे म्हणाले. "उद्या सकाळी वीतभर तुरा हवा!"

"महाराज, नऊ दिवसांचं रोप एका दिवसात?"

"ते आम्हांला ठाऊक नाही! तुरा आण, नाहीतर पोराला घेऊन सीमेपलीकडे चालती हो!"

घरी येऊन भिवरा रडायला बसली. तिचं बघून पाळण्यातलं पोरही रडायला लागलं. दोघांत लहान कोण तेच कळेना!

"रडणं मागाहून," सासू म्हणाली. "आधी पोराच्या सत्त्वाचं बघ. नाचणीला मोड आले का?"

नाचणी शेठच्याच कोठारातून विकत आणलेली. भिजवून, फडक्यात बांधून ठेवली होती. भिवराने पुरचुंडी सोडली. एक मोड नाही! वर आंबूस वास.

"घ्या, आत्याबाई! घटाला मी नडले, नाचणीलाही मीच नडले!"

"मग त्याला कशी नाही नडलीस?" सासूने कणगीमागे बोट दाखवलं.

तिथे त्यांचा घट होता. हुकूम असला म्हणून देवीला उपाशी ठेवायचं का? घरचं राखलेलं बी गुपचूप पेरलं होतं. रोपं वीतभर वाढलेली, गच्च हिरवी! आणि पाणी घालणारा हात भिवराचाच.

भिवराचं रडं थांबलं. तिने नाचणीचा कोरडा दाणा दाताखाली धरला. उकड्या तांदळासारखा टणक!

"आत्याबाई, ही वाफवलेली आहे! खाता येईल, पण पेरता यायची नाही. बी घ्यायला लोकांनी पुन्हा शेठच्याच दारात जावं म्हणून! घटाचं धान्यही असलंच. म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलंच नाही!"

असं जन्मात पहिल्यांदाच झालं होतं. तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

"मग हाच तुरा ने की!"

"आणि कुठल्या बियाचा विचारलं तर? न्यावा तरी सीमेपलीकडे, न न्यावा तरी सीमेपलीकडे! ज्याच्याजवळ सापडेल तो..."

भिवरा बोलता बोलता थांबली. मग टोपली शोधायला उठली.

सकाळी दरबार भरला. "फेटा जरा खाली, महाराज," भिवरा म्हणाली आणि टोपलीतलं शेवटचं रोपसुद्धा तिने राजांच्या फेट्यात खोवलं. काय तो तुरा! राजांनी मिशीवर ताव दिला.

गुमानशेठ मात्र उसळले. "अगं ए! माझ्या धान्याची रोपं एका दिवसात एवढी वाढतील होय? हे घरचं बी आहे!"

"होय, शेठ. घरचंच."

"ऐकलंत, महाराज? चोरी! हुकूम म्हणजे हुकूम! तो लहान बघत नाही, मोठा बघत नाही! ज्याच्याजवळ हा माल सापडेल त्याला आत्ताच्या आत्ता सीमेपलीकडे हाकला!"

भिवराने टोपली उपडी करून दाखवली. रिकामी! मग तिने हळूच वर पाहिलं. सगळा दरबार वर पाहायला लागला. राजांच्या डोक्यावर तुरा डौलात डुलत होता.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... राजांना कसा... तसं नव्हे..."

"घाबरू नका, शेठ," भिवरा म्हणाली. "आज दसरा. महाराज सीमेपलीकडे जाणारच आहेत. परत यायची परवानगी तेवढी तुम्ही द्या!"

राजे असे खो खो हसले की तुरा नाचायला लागला.

"वा, भिवरे! पण मग आमचा घट टकला का?"

भिवराने नाचणीची पुरचुंडी पुढे ठेवली आणि वाफेची गोष्ट सांगितली. राजांचं हसू क्षणभर विझलं.

"फाडा तो हुकूम! ज्याचं बी त्याच्या घरी! शेठ, तुम्हीही चला आमच्याबरोबर सीमोल्लंघनाला. येताना मात्र आम्ही एकटेच येऊ! आणि भिवरे, शेठच्या कोठाराच्या किल्ल्या आजपासून तुझ्याकडे. एवढी धिटाई आणलीस कुठून गं?"

"कुठली धिटाई, महाराज! पाय लटपटतायत म्हणून तर टोपलीला धरून उभी आहे." किल्ल्यांचा जुडगा हातात पडला तशी ती आणखीच कावरीबावरी झाली. "आणि महाराज... या हरवल्या तर?"

राजे पुन्हा हसले. इतके, की तुरा निसटला आणि थेट भिवराच्या रिकाम्या टोपलीत पडला!