आधी कोणता उजेड

एकदा एका डोंगरी तालुक्याच्या बाजारपेठेत, भर दुपारी बारा वाजता, एक म्हातारा विजेच्या सामानाच्या दुकानात शिरला, स्टुलावर बसला आणि डोक्यावरून घोंगडी ओढून स्वस्थ बसून राहिला.

"नाना, झोप लागली तर सांगा, शटर ओढून घेतो," दुकानदार शेठ म्हणाले. गिऱ्हाइकं हसली.

म्हाताऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या वैजयंताला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती त्याची शिष्या होती.

ढेबेनाना चाळीस वर्षं मधमाश्या पाळत होते. पंचक्रोशीत त्यांना मान होता. वैजू कॉलेज अर्ध्यात सोडून त्यांच्या हाताखाली आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. आता नानांचे गुडघे डोंगर चढायला नकार देऊ लागले होते. संध्याकाळी दहा पेट्या पलीकडच्या पठारावर, कारळ्याच्या पिवळ्या फुलोऱ्यात न्यायच्या होत्या. नाना सकाळी म्हणाले होते, "लाल आणि पांढरा, दोन्ही उजेड देणारी बॅटरी लागेल. तू निवड. नीट निवडलीस तर पेट्या आजपासून तुझ्या हवाली. चुकलीस तर पेट्या सांभाळायला पुतण्याला निरोप धाडतो."

नीट म्हणजे कशी, हे काही ते बोलले नाहीत. वडीलधाऱ्यांची ही एक जुनी खोड आहे. उत्तर आपल्याला ठाऊक असलं की ते सांगण्याआधी समोरच्याचा घाम काढायचा. लोक त्याला ज्ञानदान म्हणतात.

आणि वैजूला चुकणं परवडणारं नव्हतं, कारण ती एकदा चुकली होती. पेट्या हलवायच्या त्या दिवस मावळल्यावर, सगळ्या माश्या घरी परतल्या की. पेटीच्या दारावर जाळी बसवायची आणि पेटी डोक्यावर घ्यायची. मागच्या खेपेला जाळी बसवताना वैजूने मोबाईलचा उजेड मारला. दाराशी बसलेल्या माश्या थेट त्या उजेडावर आल्या. तिच्या हातावर, कपाळावर, पापण्यांवर. पेटी हातातून सुटली. पोळं मोडलं, राणी चिरडली, ती वसाहत संपली.

तेव्हा नाना वाडीतल्या पाच माणसांदेखत गरजले होते, "कॉलेजात हेच शिकलीस? डोळे आहेत की बटणं?"

बस्स, एवढंच. पुढचे आठ दिवस ती सुजलेल्या डोळ्यांनी हिंडली. माशीला लाल उजेड दिसत नाही, ही साधी गोष्ट तिला शेवटी वरच्या वाडीतल्या एका मधपाळाने सांगितली; गुरूने नव्हे.

शेठनी काउंटरवर लाल-पांढऱ्या बॅटऱ्यांची रांग मांडली. "ही घे. पाचशे मीटर फोकस! समोरच्या डोंगरावरचं माकड कोणत्या कुशीवर झोपलंय ते दिसेल."

वैजूने हातात घेऊन पाहिली. जड होती, दणकट होती, पाण्यात पडली तरी चालणारी होती. "हीच," ती म्हणाली.

घोंगडीतून एक हात बाहेर आला. बॅटरी आत गेली. टक, टक, असा आवाज झाला आणि बॅटरी बाहेर आली.

"नाही."

"का नाही?"

वैजूने दुसरी दिली. टक, टक. "नाही." आत सगळं शांत झालं. बऱ्याच वेळाने हात पुन्हा बाहेर आला. तिसरी. "नाही."

"अहो नाना, माझ्या दुकानात लग्नाची मुलगी बघायला आलाय की बॅटरी?" शेठ वैतागले.

चौथ्या नकाराला वैजूचा संयम सुटला. तिने घोंगडीचं टोक धरून ओढलं. "उठा. मला बसू द्या. आत असं काय दिसतंय तुम्हाला, ते मलाही बघायचंय."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नाना मुकाट्याने उठले. एवढंच म्हणाले, "लगेच दाबू नकोस. डोळे अंधाराला सरावू देत."

घोंगडीत लोकरीचा, मधाचा आणि धुराचा वास होता. आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू स्वतःच्या बोटांच्या कडा दिसू लागल्या, मग विणीतून झिरपणारे बारीक ठिपके. तिने आपणच निवडलेली पहिली बॅटरी उचलली आणि बटण दाबलं.

डोळ्यांत सुई खुपसावी तसा पांढरा लोळ उठला. तिने घाईने पुन्हा दाबलं. आता लाल लागला असणार. पण तो तिला दिसेचना. नजरेपुढे नुसते हिरवे-जांभळे डाग नाचत होते. बोटांच्या कडा गेल्या, ठिपके गेले. मिळवलेली सगळी नजर एका टिचकीत विझली.

ती तशीच बसून राहिली. ती पापण्या मिटून ते डाग ओसरायची वाट पाहत होती, आणि तेव्हा तिला उमगलं. या बॅटरीला बटण एकच. लाल उजेडाकडे जायची वाट पांढऱ्यातूनच जाते. पेटीपाशी लाल लागेपर्यंत माश्या केव्हाच बाहेर पडलेल्या असतील.

घोंगडी बाजूला सारून ती म्हणाली, "शेठ, लाल उजेडाला वेगळं बटण असलेली आहे का?"

शेठनी खालच्या खणातून धूळ बसलेलं एक खोकं काढलं. "ही आहे. पण कुणी घेत नाही. फोकस पन्नास मीटरसुद्धा नाही, आणि दिसायलाही बावळट."

वैजू ती घेऊन पुन्हा घोंगडीखाली गेली. डोळे सरावेपर्यंत थांबली. लाल उजेडाचं बटण दाबलं. निखाऱ्यासारखा मंद, तांबडा उजेड पसरला आणि बोटांच्या कडा जागच्या जागी राहिल्या. "ही," ती आतूनच म्हणाली.

नाना हसले. मग गळा साफ करून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलले, "पोरी, दोन्ही उजेड लागतात. वाटेत गवा उभा असला तर पांढराच हवा, लाल उजेडात त्याच्या पोटावर जाऊन आदळशील. पण पेटीपाशी पांढरा आधी लागता कामा नये. एकदा झळ बसली की मागून कितीही मऊ उजेड दे, माशी बिथरलेली असते आणि माणूस आंधळा झालेला असतो. म्हणून बॅटरी किती लांब फेकते ते मी बघत नाही. बटण दाबल्यावर तिच्यातून आधी काय बाहेर येतं, ते बघतो."

"वा नाना!" शेठनी हात जोडले.

अशा कथा इथे संपतात. गुरू बोलतो, शिष्य मान तुकवतो, ऐकणारे घरी जातात. वैजूने मान तुकवली नाही. तिने घोंगडी नानांच्या हातात दिली आणि विचारलं,

"नाना, त्या दिवशी माझी पेटी फुटली तेव्हा तुमच्यातून आधी काय बाहेर आलं?"

शेठचे जोडलेले हात तसेच राहिले.

नानांनी घोंगडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पांढरा," ते म्हणाले.

"मला आठ दिवस काही दिसलं नाही. चूक काय झाली तेसुद्धा."

"माझ्या गुरूने माझ्यावर तोच मारला होता," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, शिकवायचं म्हणजे तसंच."

"मग त्यातून तुम्ही काय शिकलात?"

नानांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "त्यांच्यापासून चुका लपवायला शिकलो," ते म्हणाले. "चुकलं माझं, पोरी. बॅटऱ्या एवढ्या पारखल्या, आणि स्वतःचं बटण कधी तपासलं नाही."

पुतण्याला निरोप गेला नाही.

त्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेल्यावर वैजू पहिल्या पेटीपुढे वाकली. लाल उजेडात दाराशी बसलेल्या माश्या जागच्या हलल्या नाहीत. नऊ दारं नीट बंद झाली. दहाव्या दाराशी मात्र तिने घाई केली. जाळी तिरकी बसली आणि एका बाजूला फट राहिली. मागे उभ्या असलेल्या नानांचा श्वास जोरात आत ओढलेला तिला ऐकू आला. तिने खांदे आक्रसून घेतले. आता गरजतील.

तो श्वास हळूहळू बाहेर पडला. मग पेटीतल्या गुणगुणण्याइतक्या हलक्या आवाजात नाना म्हणाले, "डावं टोक बघ, बाळ."

वैजूने पाहिलं. तिला दिसलं. तिने टोक दाबून बसवलं, पेटी डोक्यावर घेतली आणि पहिल्या खेपेला पठाराची वाट धरली.

ज्यांना दुसऱ्याला शहाणं करण्याची घाई झाली आहे, त्यांनी एकदा स्वतः घोंगडीखाली बसून आपलं बटण दाबून पाहावं.