विरघळलेल्या माणसांचे तळे

एका राज्यात एक तळे होते आणि सारे नगर त्या तळ्याला भीत असे. पाणी इतके निर्मळ की तळाचे गोटे दिसावेत. पण त्यात ज्याचे पाऊल पडे, तो मिठाच्या खड्यासारखा विरघळून जाई. आधी पाऊल, मग पोटरी, मग कंबर. तोंड उरे तोवर माणूस ओरडे. मग पाणी पुन्हा निर्मळ.

हा शाप विद्रुमाक्ष जादूगाराचा. त्याने नरबळी मागितला म्हणून राजा अरिंजयाने त्याला हाकलले, तेव्हा त्याने तळे मंतरले. त्याच दिवशी एका धोबिणीला ओढून काढायला राजा पाण्यात धावला आणि तिच्यासह नाहीसा झाला. पुढे विरघळलेली माणसे पाण्यातून आपल्या आप्तांना हाका मारू लागली. हाक ऐकून कोणाची आई जाई, कोणाचा भाऊ जाई. घरे ओस पडू लागली.

राणी पद्मरेखा काठावर बसून राही. एके सकाळी तळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, टिटवी तिला म्हणाली, "राणी, विरघळले ते संपले नाही. तुझा राजा या पाण्याच्या थेंबाथेंबात आहे."

पाणी आटवले तर, असे राणीने विचारले. टिटवीने सांगितले, तसे केलेस तर साऱ्यांचा मिळून एकच पांढरा थर उरेल. कोणाचा हात, कोणाचे डोळे, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. जादूगाराच्या गुहेत असेच दुसरे निर्मळ पाणी आहे. ते यात पडले तर माणसे सुटी होतील. कामे तीन : ते पाणी ओळखायचे, आणून ओतायचे आणि मग थांबायचे.

"तिसरे सर्वांत कठीण," टिटवी म्हणाली.

राणीने दोरीला कुपी बांधून तळ्याचे पाणी काढले, घागर घेतली आणि गुहेचा डोंगर गाठला. गुहेत विद्रुमाक्ष उघड्या डोळ्यांनी झोपला होता. त्याच्या उशाशी तीन रांजण होते आणि तिन्हींत पाणी सारखेच नितळ. राणीने श्वास रोखला. पहिल्या रांजणातले पाणी शिंपल्यात घेऊन तिने त्यात कुपीतले थेंब टाकले. काहीच झाले नाही. दुसऱ्यात पिवळा गाळ धरला, त्याला कसलाच आकार नव्हता. तिसऱ्यात थेंब पडताच पाणी दुधासारखे झाले, आणि हळूहळू शिंपल्याच्या तळाशी काहीतरी बसले. ते कोणाच्या तरी नखाचे टोक होते.

राणीच्या अंगावर काटा आला. तिने त्या रांजणातून घागर भरली आणि मागे न पाहता निघाली.

काठावर येऊन तिने ओतलेली घागर रिकामी होताच सारे तळे पांढरेफटक झाले. लोक तळ्याचे पाणी बाहेर सोडायच्या मोरीकडे धावले. पाणी सोडा, माणसे बाहेर काढा, असा एकच गलबला झाला. टिटवी वरून ओरडली की गढूळ पाणी सोडाल तर माणसेही वाहून जातील. त्यांना आधी तळाशी बसू द्या. राणी मोरीच्या फळीला पाठ लावून उभी राहिली.

तेवढ्यात विद्रुमाक्ष पाण्यावरून चालत आला. त्याला ते पाणी कधीच बाधत नसे. त्याने तोंड उघडले आणि आवाज आला तो राजाचा.

"पद्मे, माझा श्वास कोंडतो आहे. मोरी उघड."

कोतवालाने रडत फळीला हात घातला. आवाज पुन्हा आला, अधिक क्षीण, अधिक ओळखीचा. राणीचे ओठ पांढरे पडले, पण ती हलली नाही.

"महाराज असतील, तर थांबतील," ती म्हणाली.

तळे वरून नितळू लागले. पांढरे ते खाली खाली उतरले. जादूगाराने पायांकडे पाहिले, तर पावले नव्हती. पाण्याने माणसांना सोडले होते आणि त्यांच्या जागी त्याला धरले होते. आता तो स्वतःच्या आवाजात ओरडला. तोंड उरले तोवर ओरडला.

मग राणीने मोरी उघडली. निर्मळ पाणी त्याला घेऊन ओढ्याने, नदीने, समुद्राला गेले.

तळाशी माणसे निजली होती, ओल्या चुन्याच्या मूर्तींसारखी. राणी चिखलात उतरली आणि एकेक चेहरा पाहत गेली. वारा लागला तसा कोणाच्या गालाला, कोणाच्या ओठांना रंग चढला. राजा खोकला, उठून बसला. राणीने त्याचा हात घट्ट धरला आणि तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

सार ते तळाशी राहिले, शाप तो वाहून गेला. ऐकणाऱ्यांचेही अरिष्ट असेच वाहून जावो.