वाघाचं अनुदान

जंगलात वाघाचं सरकार होतं तेव्हाची ही गोष्ट. एका उंच ऐनाच्या झाडावर वानरांची टोळी राहायची. वाघ दिसला की ती ओरडून खाली चरणाऱ्या हरणांना सावध करायची. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं कुणी काही देतही नव्हतं.

एका वर्षी झाडांना फळंच धरली नाहीत. पिल्लं भुकेनं रडू लागली. तेव्हा वाघाचा कारभारी कोल्हा सरकारी कोठारातल्या मोहफुलांची टोपली घेऊन झाडाखाली आला.

"भुरीबाई," तो टोळीतल्या म्हाताऱ्या वानरीला म्हणाला, "तुमच्या सेवेवर सरकार खूश आहे. एवढं अनुदान दर महिन्याला मिळेल. फक्त ओरडण्याआधी महाराजांची परवानगी घेत चला."

"म्हणजे वाघ आला हे सांगायला वाघालाच विचारायचं?"

"नियम आहे हो. पोरांच्या तोंडाकडे तरी बघा."

भुरीनं पिल्लांकडे पाहिलं. तेवढ्यात हरणांमागच्या गवतात पट्टे हलले. भुरी जिवाच्या आकांतानं ओरडली. तिच्या मागोमाग उपाशी पिल्लंही ओरडली. हरणं उधळली आणि वाघ नुसता बघत राहिला.

"अहो, परवानगी?" कोल्हा किंचाळला.

"टोपली उचल आणि नीघ," भुरी म्हणाली. "परवानगीचा अर्ज आत्ताच केलाय. अख्ख्या जंगलानं ऐकलाय."