हरबाची उसन्या चाकांची गाडी

खूप खूप जुन्या काळी, घाटमाथ्यावरच्या एका राज्यात एक चमत्कारिक कायदा होता. जुनी बैलगाडी विकायची असेल, तर ती आधी राजाच्या पारख्याला दाखवावी लागे. पारखी ती वाकून, ठोकून, हलवून बघे आणि पसंत पडली तर तापलेल्या लोखंडाने तिच्यावर राजमुद्रेचा डाग देई. डागाशिवाय विक्री नाही. हा कायदा झाला त्याचं कारण एवढंच, की राजाच्या सासऱ्यांनी घेतलेली एक जुनी गाडी घाटात मोडली आणि सासरेबुवा निवडुंगात सापडले. फसवणाऱ्याला शिक्षाही तशीच होती. त्याला आणि त्याच्या साथीदारांना बैलांच्या जागी जुंपून गावभर फिरवत.

या राज्यात हरबा नावाचा एक गाडीवान राहत होता. त्याची गाडी त्याच्यापेक्षा जास्त कण्हायची. चाकांचे आरे खिळखिळे झाले होते, दोन्ही चाकं जोडणाऱ्या कण्याला बोटभर चीर होती आणि जू मधोमध वाकलं होतं. माणसं-माल ठेवायचा साटा तेवढा धड होता.

एक गवळी गाडीच्या बदल्यात दुभती म्हैस द्यायला तयार झाला. हरबाची बायको सगुणा सात वर्षं म्हशीची वाट बघत होती. तिने गोठा सारवला, दावं वळलं आणि म्हशीचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

"अवं, आधी गाडी सुताराकडं टाका," ती म्हणाली. "आठ दिसांत नीट करून देईल."

"गाडी जाणार गवळ्याच्या घरी, आन् घाम आपण गाळायचा?" हरबा हसला. "तू नुसती बघत रहा."

हरबाला एक युक्ती ठाऊक होती. पारखी नेहमी साट्यावरच डाग द्यायचा. तेव्हा तपासणीपुरती चांगली चाकं लावायची, डाग मिळाला की घरी येऊन ती काढायची आणि आपली जुनी बसवून गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करायची. गावातल्या सगळ्या गाड्या एकाच सुताराच्या हातच्या होत्या, त्यामुळे याची चाकं त्याला बिनदिक्कत बसत. गावात हे सगळेच करत आणि यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नसे.

हरबाने तेल्याची चाकं आणली, कुंभाराचा कणा आणला आणि माळ्याचं रंगीत जू आणलं. "दुपारच्या भाकरीआधी परत," असं त्याने तिघांनाही सांगितलं. तिघेही हौसेने तपासणी बघायला चावडीवर आले. गवळीही म्हैस घेऊन आला होता. म्हैस पिंपळाखाली रवंथ करत उभी होती आणि हरबा गाडीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता.

पारखी मात्र त्या दिवशी नवीन होता. बुटका, पांढऱ्या मिशांचा, हातात लहानशी हातोडी. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या घातल्या.

"ही चाकं कोणाची?" त्याने विचारलं.

"माझीच की, बुवा."

"आणि हा कणा?"

"त्योबी माझाच. आज्याच्या काळापास्नं हाय."

"आजोबा फारच जपून वापरत असावेत," पारखी म्हणाला. "अजून सालीचा वास येतोय. बरं, हे जू?"

"माझंच," हरबा म्हणाला आणि त्याने माळ्याकडे पाठ केली.

"छान! गाडी पसंत आहे." पारख्याने लोखंड निखाऱ्यात खुपसलं. "मागचे पारखी नुसत्या साट्यावर डाग देत. मी प्रत्येक भागाला देतो. डागलेला भाग गाडीबरोबरच जायचा, तो विकणाऱ्याने ठेवून घ्यायचा नाही."

हरबा चाकांच्या आडवा आला. "चाकांना नगं, बुवा! लई नाजूक हायेत. चटका सोसायचा न्हाई त्यास्नी."

"चटका सोसत नाही, मग घाट कसा सोसतील? गाडी नापसंत करू का?"

हरबाने म्हशीकडे पाहिलं. म्हशीने कान हलवला.

"डागा," तो बारीक आवाजात म्हणाला.

चाकांवर चर्रकन आवाज झाला, तसा गर्दीत तेली कळवळला. कण्यावर डाग पडताच कुंभाराने डोळे मिटले. जुवाच्या वेळी माळी तोंडावर उपरणं धरून उभा होता. जुंपून घ्यायची हौस कुणालाच नव्हती, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही.

गवळ्याने आपले बैल जोडले आणि एका म्हातारीला उचलून गाडीत बसवलं. "आई हाय माझी. घाटाखाली वैद्याकडं न्यायचीय," तो म्हणाला. "चांगली गाडी दिलीस, हरबादादा. देव तुझं भलं करो."

युक्ती साधली असती तर ती म्हातारी हरबाच्या चिरलेल्या कण्याच्या गाडीत बसून घाट उतरली असती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. या गाडीत माणूस बसणार आहे, हा विचारच त्याने केला नव्हता. त्याला स्वतःची फार शरम वाटली.

म्हैस घरी आली. तिच्या मागोमाग तेली, कुंभार आणि माळीही आले. हरबाची जुनी चाकं त्यांनी पायाने ढकलून पाहिली, तशी ती तिथेच आडवी झाली.

"आमचं आमाला नवं करून दे," तेली म्हणाला. "तवर म्हैस आमच्या दारात. पाळीपाळीनं."

सगुणाने रिकामं दावं गुंडाळून खुंटीला टांगलं. ती ओरडली असती तर हरबाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून हरबा सुताराच्या दारात राबू लागला. त्याने बाभळी तोडल्या, ओंडके वाहिले, करवत ओढली आणि भाता मारला. ज्या कामाला आठ दिवस लागले असते, त्याला आता पाच महिने लागले, कारण सगळंच नव्याने घडवायचं होतं. शेवटचं जू माळ्याच्या दारात पोचवून त्याने म्हैस सोडून आणली, तेव्हा ती आटली होती.

सगुणाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे," ती म्हणाली. "पुढल्या वेताला देईल दूध."

बोध हाच: आपल्या वस्तूचा दोष झाकायला जितके कष्ट पडतात, त्याहून कमी कष्टांत तो दुरुस्त होतो.