निकामीची चिठ्ठी

एकदा एका महाविद्यालयातली एक जुनी पेटी बोलेनाशी झाली. संगणकांना एकमेकांशी जोडणारी ही पेटी; तिला स्विच म्हणतात. ती रुसली की अर्धी इमारत ठप्प. शलाका नावाची हुशार अभियंता दुरुस्तीला आली. सगळे जाळे बंद पडले तरी अशा पेटीशी थेट बोलता यावे, म्हणून कन्सोल केबल नावाची एक तार असते. शलाकाने तिचे एक टोक पेटीला लावले, दुसरे आपल्या लॅपटॉपला. पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हे उमटली.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ जड झाली होती. त्यांचा पहिला शब्द पुरा होण्याआधीच तिने "बाबा, कामात आहे, नंतर करते," म्हणून फोन ठेवला आणि पेटीवर 'निकामी' अशी चिठ्ठी चिकटवून ती मोकळी झाली. हुशार माणसांना निकाल देण्याची घाई फार.

तिला ही विद्या शिकवणारे वृद्ध नाना शेजारीच उभे होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, सोडवून हातात घेतली आणि ते खाली बसले. पेटीला त्यांनी हातही लावला नाही. लॅपटॉपचा बोलण्याचा वेग तेवढा एक लाख पंधरा हजार दोनशेवरून नऊ हजार सहाशेवर आणला. लगेच पडद्यावर स्वच्छ अक्षरे आली, आणि पेटीने आपले दुखणे स्वतःच सांगितले. ते अगदी किरकोळ होते. शलाका खूश झाली. नाना मात्र डोळे पुसत होते. काम फत्ते झाल्यावर रडण्यासारखे काय, हे तिला उमगेना. तिने विचारले.

नाना म्हणाले, "पोरी, पेटी पहिल्यापासून बरोबरच बोलत होती. तिची चाल सावकाश, आपली घाईची. तिला चाल बदलता येत नव्हती, आपल्याला येत होती. माझ्या बायकोलाही अर्धांग झाला होता. मी दिसलो की ती 'था, था' करायची. आमच्या घरी ताटाला थाळी म्हणतात. मी दरवेळी थाळी वाढून आणायचो, ती तोंड फिरवायची, मी चिडायचो. दोन वर्षं हेच. ती गेल्यावर तिची सेवा करणाऱ्या इंदूबाईंनी सांगितलं, बाई तुम्हाला 'थांबा' म्हणायच्या, नाना. तुम्ही शब्द पुरा होऊच दिला नाहीत."

चिठ्ठी नानांनी शलाकाच्या हातात दिली.

ती व्हरांड्यात गेली आणि तिने वडिलांना फोन लावला. पलीकडून एक अक्षर आले, मग बराच वेळ काहीच नाही. तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. त्यांच्या आजारपणानंतर प्रथमच तिने त्यांचे वाक्य पुरे होऊ दिले.

"का... कामात असशील. ठे... ठेवतो."

"ठेवू नका, बाबा," ती म्हणाली. "मी थांबलेय."